पडद्यावरचे तुमचे हात

आबा, कर्जतला भरल्या सभेत मी तुमच्या हातांबद्दल बोलले. तुम्ही असतात तर तुम्हाला ते चाललं नसतं, हे बोलतानाही मला ठाऊक होतं.

साजगावच्या कारखान्यात तुम्ही वीज सांभाळायचात. एका दुपारी केबलमध्ये शॉर्टसर्किट झालं, नेहमीच्या कितीतरी पट करंट उसळला आणि तुम्ही ज्या पॅनलसमोर उभे होतात त्याचंच दार उडालं. दवाखान्यातून घरी आलात तेव्हा दोन्ही हातांची बोटं भाजून आखडून गेली होती. अजून दिसतं मला. स्वयंपाकघरात आई तुम्हाला वरणभात भरवते आहे, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला आहात आणि मी दारात उभी. "भाईर जा गं," तुम्ही म्हणता, "तमाशा हाय का हितं?" मी हलत नाही. तुम्ही घास तोंडात तसाच धरून ठेवता, गिळत नाही. मी अंगणात गेल्यावरच आईच्या हातातलं ताट पुढे सरकतं. त्यानंतर कुणाच्याही लग्नाला गेलात तरी खांद्यावरचा टॉवेल हातांवर असायचा. माझ्या लेकाला पहिल्यांदा मांडीवर घेतलंत तेव्हा मात्र तो घसरला आणि तुमच्या लक्षातही आलं नाही. तेव्हा काढलेला, तुमचे हात दिसतात असा तो एकच फोटो आहे.

आता मी ज्या केबलवर काम करते, ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये इतकी थंड ठेवतात की वीज तिच्यातून जवळजवळ विनाअडथळा वाहते. पण करंट मर्यादेबाहेर उसळला, की तिचा तो गुण त्याच क्षणी जातो आणि ती स्वतःच त्याला अडवू लागते. बटण नाही, माणूस नाही. मला ती फार आवडते, आबा. कर्जतला आजूबाजूचे कारखानदार आले होते, त्यांना मी हेच समजावत होते. पुढच्या रांगेतले दोघे मोबाईल बघत होते. मग मी तो फोटो पडद्यावर आणला. तुमचा चेहरा आणि बाळ कापून फक्त हात ठेवले होते. "हे माझ्या वडिलांचे हात," मी म्हटलं. "तेव्हा ही केबल असती तर ते वाचले असते." मोबाईल खाली गेले. शेवटी टाळ्या पडल्या, त्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

आई मागे बसली होती. लेक बोलणार म्हणून हौसेनं नवं लुगडं नेसून आली होती. परतताना गाडीनं खालापूर गाठलं.

"त्या हातांत पोर व्हतं," मग ती म्हणाली. "तू पोर कापलंस."

मी पुढचा ट्रक ओलांडला.

"आनि खरंच वाचलं असतं का गं हात?"

"कमी भाजलं असतं. कदाचित. नक्की नाही सांगता येत."

"तितं कदाचित नाय म्हनलीस."

मला तिच्याकडे बघवलं नाही. करंट कमी झाला असता हे खरं, पण उघड्या पॅनलसमोर उभ्या माणसाचं काय झालं असतं, हे कुठल्याच इंजिनियरला छातीठोक सांगता येणार नाही. ते मी तुमच्या नावावर सांगून टाकलं. आणि ज्यांनी मोबाईल खाली ठेवले त्यांच्यातलाच एक जण आपल्या कारखान्यात या केबलचा तुकडा टाकून बघायला तयार झाला आहे. उद्या तिथे कुणी पॅनलसमोर उभा असेल, त्याचं कदाचित भलं होईल. हे मी स्वतःला रोज सांगते, तरी तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलेले दिसलात की मान खाली जाते.

परवा पुण्याहून बोलावणं आलं, तेच भाषण करा म्हणाले. मी हो म्हटलं. फोटो काढून टाकला आहे. हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, आईलाही दाखवायचं नाही, म्हणून इथे खरं सांगते: 'ते वाचले असते' हे वाक्य अजून खोडलेलं नाही.