खिशातली पेपरमिंटं

४ मार्च
पाच दात किडले! गेल्या वर्षी यांच्या तोंडात एकही कीड नव्हती. मी सोबत होते, दातांच्या डॉक्टरबाईंनी तेव्हा कौतुक केलं होतं. आज त्याच बाई आरसा फिरवत म्हणाल्या, "अहो, हे काय करून घेतलंत?" कीड कुठे, तर हिरडीच्या कडेकडेनं, ओळीत. हे खुर्चीत आडवे, साळसूद चेहऱ्यानं छताकडे बघत.
गोड खाता का? — "छे!" चहा बिनसाखरेचा घेतात, हे खरं. मग कीड काय आभाळातून पडली?

५ मार्च
धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात पेपरमिंटचे कागद. मूठभर!

७ मार्च
हॉटेलातल्या चादरी-टॉवेलांचं भांडार मी सांभाळते. टॉवेल कोण पळवतंय ते मला नुसत्या चालण्यावरून कळतं. आणि घरातला चोर कळू नये? कागद यांच्यापुढे ठेवले. "घसा सुकतो गं," एवढंच म्हणाले. हल्ली उशाशी पाण्याची बाटलीही असते. बोलताना जीभ टाळूला चिकटते, चक्क ऐकू येतं. मधुमेह तर नाही? रक्त तपासायला पाठवलं.

९ मार्च
साखर नाही. रिपोर्ट स्वच्छ. मग कुठेतरी पाणी मुरतंय.

१२ मार्च
सापडलं! वन्सं! हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, आज दुकानाच्या वेळेत बसस्टॉपवर उभे. शेजारी यांची मोठी बहीण. वन्संनी पर्समधून काहीतरी काढून यांच्या हातात ठेवलं, यांनी पटकन खिशात टाकलं. पेपरमिंटच, दुसरं काय! लहानपणापासून लाडावून ठेवलंय भावाला. मी रस्ता ओलांडेपर्यंत दोघं बसमध्ये चढलीसुद्धा.
घरी आल्यावर विचारलं, दुपारी कुठे होता? "दुकानात." सरळ खोटं! फार वाईट वाटलं. पेपरमिंटसाठी कोणी बायकोशी खोटं बोलतं?

१५ मार्च
दोन दात भरून झाले. बाईंनी कीड कोरून काढली, दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं. मग खुर्ची सरळ करून म्हणाल्या — तोंडात लाळच नाही यांच्या! लाळ दात धुते, तोंडातलं आम्ल मारते. ती आटली की कीड मोकाट सुटते. त्यात पेपरमिंट चघळायचं म्हणजे दिवसभर साखर दातांना चिकटलेली. ते बंद. घोट घोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगगम, आणि जास्त फ्लोराइडची पेस्ट, सकाळी नि झोपताना.
"पण लाळ आटली कशानं? काही औषध चालू आहे?"
"नाही," म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. खोटं बोलताना हे चष्मा पुसतात, लग्न झाल्यापासून बघतेय. बाईंनीही ओळखलं असावं. "असलं तर मनानं बंद करू नका हं. मला फक्त कळू द्या."
कसलं औषध? आणि मला चोरून?

१६ मार्च
कपाट, बॅग, गाद्यांच्या खाली — काही नाही. वन्संना फोन केला. ताकास तूर लागू देत नाहीत! "त्यालाच विचार," म्हणाल्या. "पण ओरडू नकोस गं त्याच्यावर."
भीती वाटतेय.

१७ मार्च
विचारलं. ओरडले नाही.
मनाच्या आजारावरच्या गोळ्या आहेत. वन्संच डॉक्टरकडे नेतात, गोळ्या आणून देतात. मला का नाही सांगितलंत? "तू झडती घेतली असतीस."
मग हळूच म्हणाले, मधे रोज घरी यायला उशीर व्हायचा ना, तेव्हा दुकानात काम नसायचं. रेल्वेच्या पुलावर जाऊन उभे राहायचे. कठडा धरून. गोळ्या सुरू झाल्यापासून तिकडे गेलेले नाहीत.
एवढी संशयी मी, आणि त्या उशिराचा मला कधी संशय आला नाही. मी जेवण गरम करून वाढायचे, बस.
दात काय, सगळे गेले तरी नवे बसवता येतात.