पोत्यांना कोंब फुटले

३ मार्च
तेलगिरणीत लागलो. गोदामाची चावी भाऊजींनी त्यांच्याकडची माझ्याकडे दिली. भाऊजी तिथे मिस्त्री, त्यांनीच मालकांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. म्हणाले, मेव्हण्याने काही घोळ घातला तर मला धरा. घोळ कसला. ताईच्या घरी राहायचं तर भटकणं आजपासून बंद.

५ मार्च
घाण्यात घालण्याआधी सूर्यफुलाच्या बियांवर जरासं पाणी मारतात, तेल मोकळं सुटतं. भाऊजी म्हणाले, उद्याच्या दोन पोत्यांवर हाताने शिंतोडे मार. हाताने कोण मारत बसणार? नळी लावली, अख्ख्या थप्पीला अंघोळ. रोजची कटकट मिटली. डोकं लागतं.

६ मार्च
घाण्याचा दांडा मोडला. गिरणी बंद. ओळखीचा ट्रकवाला बंदरावर निघालाय. जहाज मी अजून पाहिलेलं नाही. याला भटकणं म्हणत नाहीत, जनरल नॉलेज म्हणतात. चावी माझ्या खिशात, म्हणजे गोदाम सेफ.

११ मार्च, सकाळ
जहाज फार मोठं असतं.
गोदाम उघडलं. आत भट्टीसारखं गरम, कुबट वास. पोती फुगलीत. एकावर हात ठेवला तर काहीतरी ओलं बोटाला लागलं. ओरडलो नाही. बाहेर आलो, कुलूप लावलं.

संध्याकाळ
परत जाऊन पाहिलं. तागातून पांढरे कोंब डोकावतायत. सगळ्या थप्पीतून.
शांत डोक्याने विचार केला. पोतं जड झालंय. जड म्हणजे जास्त माल, जास्त माल म्हणजे जास्त तेल. मालक खूशही होतील. कुलूप तीनदा ओढून पाहिलं ते नुसतं सवयीने.

१२ मार्च
टेस्ट घेतली. कोरडी बी कागदावर चिरडली, तेलाचा डाग पडला. कोंबवाली चिरडली, ओला डाग पडला आणि उन्हात वाळून गेला. कागद हलका असणार. दुसरा घेतला. तोही हलका.
जेवताना ताईने कपाळाला हात लावून पाहिला. भाऊजी म्हणाले, कामाची सवय नाही लेकाला. दोघं हसले.

१३ मार्च
तेल तपासणाऱ्या बाई गिरणी बंद असली तरी येतात. त्यांना विचारलं, एका मित्राच्या बिया रुजल्यात, तेल वाढतं ना? त्या म्हणाल्या, तेल म्हणजे रोपाची शिदोरी. पानं फुटून स्वतःचं स्वतः कमवेपर्यंत कोंब त्या तेलाची साखर करून खातो. कोंब लांब होईल तसं तेल आटत जातं. वजन वाढतं ते नुसतं पाण्याचं. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या,
"मित्राला सांग, बाहीला कोंब चिकटलाय, तेवढा काढ."
म्हणजे मी इथे लिहितोय तेव्हाही ते आत बसून खातायत. झोपेन तेव्हाही खातील.

१४ मार्च
पक्का प्लॅन: उन्हात वाळवायचं, कोंब चोळून काढायचे, कुणाला पत्ता लागणार नाही. एक पोतं पसरलं. चोळून चोळून हात चिकट झाले, वास काही जाईना. एवढ्यात भाऊजींचा निरोप, नवा दांडा आला, उद्या सकाळी घाणा सुरू. पसरलेलं भराभर पोत्यात कोंबलं.
आज भाऊजींना सगळं सांगायचंच. पण ते जेवत होते. जेवत्या माणसाला असलं सांगू नये. मग झोपले. झोपलेल्याला तर मुळीच नाही.

१५ मार्च
कुणी बघायच्या आत, अंधारातच चोळलेलं पोतं मी घाण्यात ओतलं. लगदा आला. आंबलेला. तेल नाहीच म्हणायचं.
मालकांनी विचारलं, चावी कुणाकडे होती. मी तोंड उघडलं होतं, अगदी शपथ घेऊन सांगतो. शब्द यायला मला जरा वेळ लागतो. तेवढ्यात भाऊजी म्हणाले,
"माझ्याकडे."
मालक त्यांना म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मला म्हणाले, तू थांब, हा घाण कचरा उपसायला माणूस लागेल.
घरापर्यंत भाऊजी पुढे, मी मागे. दाराशी ते थांबले.
"तुझ्या बहिणीला तू सांग. मला नाही जमणार."
आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन पाठ करून उभे राहिले.
पायरीवर बसून लिहितोय. आतून ताई विचारतेय, आज लवकर कसे, दोघं आलात का.
सांगतो. आधी बूट काढतो. नाडीला गाठ बसलीय.