समासातलं प्रश्नचिन्ह

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई काठी टेकत गॅलरीपर्यंत जाते आणि तिथून मला हुकूम सोडते, म्हणजे तब्येत उत्तम. तू येणार येणार म्हणतेस, पण आम्ही आता वाट बघणं सोडून दिलंय.

प्रेसमध्ये सध्या एका कादंबरीची मुद्रितं तपासतेय. सोळा-सोळा पानांचे फर्मे येतात, त्यामुळे पुढचं मलाही आठवड्याने कळतं. लेखिकेने टोपणनाव घेतलंय. नायिका वाचनालयात कामाला, खऱ्या प्रेमाच्या शोधात. आणि शोधते कुठे, तर काउंटरच्या पलीकडे! कुणी पुस्तक वेळेवर परत केलं तरी बाईसाहेबांना तो सज्जन वाटतो. अगदीच भोळसट गं! पण तिचा खरा दोष वेगळाच आहे. मन दुखलं की ती विचारत नाही, तोंड शिवून बसते. मला तर दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

लोभ आहे तेवढा असू दे, पत्रं मात्र लांब लिही.

तुझी,
चिंगी

११ जून

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझ्या नोकरीतून सुट्टी मिळेना, नाहीतर आलेच असते. तुझ्या डोळ्यांची काळजी वाटते. ती कादंबरी दुसऱ्या कुणाकडे दे बघू, असल्या रडकथा कशाला वाचायच्या? आणि त्या बिचारीला भोळसट म्हणू नकोस. शेवटी बहिणीला पोटाशी धरून माफ करते, एवढं मोठं मन कुणाचं असतं?

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

१८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेवटचा फर्मा अजून प्रेसमध्येच आलेला नाही. मग शेवट तुला कसा ठाऊक?

या आठवड्याच्या फर्म्यात एक घड्याळजी आहे. वाचनालयाचं घड्याळ दुरुस्त करून जाताना तो ते मुद्दाम पाच मिनिटं मागे ठेवतो, म्हणजे पुन्हा बोलावणं येईल. आमच्या प्रेसच्या घड्याळाची ही गंमत मी जगात एकट्या तुला कळवली होती.

त्याच फर्म्यात थोरली बहीण त्याला चिठ्ठी पाठवते, की हिचं लग्न ठरलंय, पुन्हा येऊ नकोस. आमचा घड्याळजी सात वर्षांपूर्वी एकाएकी गाव सोडून गेला. मी त्याला लबाड ठरवलं आणि तोंड शिवून बसले. आज विचारते. ताई, ती चिठ्ठी तू मनाने रचलीस, की खरंच पाठवली होतीस?

चिंगी

२३ जून

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

पाठवली होती. आईला नुकताच झटका आला होता. तू लग्न करून गेली असतीस तर तिचं सगळं माझ्या गळ्यात पडलं असतं, आणि मला माझा संसार, माझी नोकरी सोडवेना. घाबरले गं. तोंडाने सांगायचा धीर होईना म्हणून लिहून काढलं. तुझ्याच टेबलावर येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. शेवट नीट वाच. मला तसंच माफ कर.

तुझीच,
ताई

२ जुलै

माननीय लेखिका यांस,
स. न. वि. वि.

शेवटचा फर्मा तपासून सोबत पाठवत आहे. छपाईच्या चुका फारशा नाहीत.

पान दोनशे सहावर नायिका थोरलीच्या गळ्यात पडते आणि म्हणते, झालं गेलं विसरून जाऊ. मी या बाईला पहिल्या पानापासून ओळखते. सात वर्षं ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या तो निर्दोष होता, आणि जिच्या खांद्यावर डोकं ठेवून आपण रडलो तिनेच गळा कापला, हे कळल्यावर ती असं म्हणेल? खरं प्रेम ती घड्याळजीत शोधत होती, ते ठीक. पण ते तिला न शोधता मिळालंय असं ती एकाच माणसाबद्दल धरून चालली होती. तिथेच ती फसली.

आमच्या कामात लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नसतो. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह करायचं. तसं केलं आहे.

आई बरी आहे. गॅलरीत बसून तुमची वाट बघते. मी तिला काही सांगितलेलं नाही. उत्तर प्रेसच्या पत्त्यावर पाठवावे, घरी नको.

कळावे. लोभाची ओळ गाळली आहे.

मुद्रितशोधक