डावीकडची कळ

मंगळवार, १२ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिने चढायची हौस आता पुरे. इकडे बाबा जेवतात, झोपतात. गॅलरीचं दार अजून करकरतं, मला तेल घालायला सवड झालेली नाही.

फोनवर बोलले असते तर दुसऱ्याच वाक्याला तू उपाय सांगितला असतास आणि मला रडू आलं असतं. म्हणून लिहितेय.

माझं काम तुला ठाऊकच आहे. लोक जुने, जड कीबोर्ड पाठवतात. कळा ठणठणीत असतात, पण आतला बोर्ड गंजून गेलेला असतो. मी छिद्रं मोजते, तांब्याची एकेक रेघ कुठून कुठे जाते ते शोधते आणि नवा बोर्ड आखून कारखान्यातून करवून घेते. डोळ्यांचं भरीत होतं.

बाबांच्या कीबोर्डचा बोर्ड गेला तेव्हा मीच तो नवा केला. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचं सगळं बोलणं त्या कीबोर्डवरूनच चालतं, टाइप केलेलं तुझ्या-माझ्या फोनवर येतं. हात थरथरतो म्हणून पेन धरता येत नाही. दुसरा कीबोर्ड दिला तर गरम तव्याला हात लागल्यासारखी बोटं उचलून बसायचे. ज्या कळांवर जन्मभर लोकांची पुस्तकं टाइप केली, त्याच त्यांना हव्यात. नवा बोर्ड बसवला त्या दिवशी मी जाम खूश होते.

आणि तेव्हापासून ते गप्प झाले. तुला निरोप येईनात, माझ्या फोनवर ‘चहा’सुद्धा येईना. पडद्यावर बघावं तर शब्दांचा नुसता गोळा, चहा खिडकी पाणी ताई खिडकी, मध्ये कुठे थांबणं नाही. डावीकडची एक बिनकामाची कळ बडवत बसायचे. मी त्यांचा हात धरून बाजूला ठेवायचे. मीच तुला सांगितलं की बाबांचं डोकं आता ताळ्यावर नाही. त्यावरून तू त्या वृद्धनिवासात खोली ठरवलीस आणि रविवारी गाडी घेऊन येते म्हणालीस.

तेव्हा मला बरं वाटलं, ताई. खोटं कशाला बोलू.

आज सकाळी ते पुन्हा कळ बडवत होते. मी वैतागून हात धरला, उजवा, आणि ती वाकडी करंगळी माझ्या मुठीत आली. छापखान्याच्या दारात चेंगरलेली. ती उजवीकडच्या एंटरपर्यंत पोचतच नाही. मग जुना बोर्ड माळ्यावरून काढला. त्याच्या पोटाला एक तांबडी वायर डाग देऊन जोडलेली होती. नवा बोर्ड आखताना मी ती पाहिली होती, कुणाचा तरी जुगाड म्हणून सोडून दिली होती. मूळ कंपनीने केलं तसंच करायचं, हा माझा बाणा. ती वायर बाबांनी स्वतः घातलेली होती. एंटरपासून थेट त्या बिनकामाच्या कळेपर्यंत, म्हणजे त्यांचा एंटर डावीकडे होता. माझ्या बोर्डावर ती कळ दाबून काहीच होत नव्हतं, म्हणून त्यांचं एकही वाक्य संपत नव्हतं आणि एकही निरोप जात नव्हता.

नव्या बोर्डाला तशीच वायर डागली. कीबोर्ड समोर ठेवून म्हटलं, “दाबा बाबा.”

त्यांनी कळेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. दाबलं नाही. उलट एकेक अक्षर मागून खोडायला लागले. पण शब्दांच्या गोळ्याच्या शेवटी त्यांनी सकाळी लिहिलेलं मी तोवर वाचलं होतं. तुझ्यासाठी होतं ते:

‘थोरले, रविवारी नक्की ये. धाकटी पार वाळून गेली आहे. मी तिकडे राहीन, मला चालेल. मी म्हणालो हे तिला कळू देऊ नकोस.’

सगळं खोडून झालं. मग नवं टाइप केलं आणि डावीकडची कळ दाबली. माझ्या खिशातला फोन वाजला. ‘वायर विसरलीस ना? गाढव.’

मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

त्यांचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा शाबूत आहे. इतके दिवस ते बोलत होते आणि मी ऐकत नव्हते, तरी त्यांना काळजी माझीच. पण त्यांनी लिहिलं ते खरंच आहे. मी थकलेय, ताई. मी हे तुला कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं की तू त्यांना घेऊन जाशील. आणि तू न्यायला निघालीस तेव्हा मी अडवलंही नाही.

ती खोली नको म्हणून कळव. रविवारी मात्र ये. कपड्यांची बॅग भरून ये आणि गाडी भाऊजींबरोबर रिकामी परत पाठव. बाबांशी तू बोलत बस. मला झोपायचं आहे.

तुझी,
वाळलेली धाकटी