राघूंचा ताप

मंगळवार, संध्याकाळ

आज आणखी एक राघू गेला. सोनारीच्या वाटेवर पकडलेली ही पिल्लं वनखात्यानं माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आणली तेव्हापासून जुलाब, डोळे चिकटलेले. विकणारा दौलत त्यांना स्वतः चावलेली डाळ भरवायचा, चोच ओठांत घेऊन, असं गावातले सांगतात. आणि जबाबात म्हणतो, "म्या राघूला हातबी लावला न्हाय."

दुपारी त्याची बायको आली. "म्याडम, ह्यांचा ताप उतरंना. खोकून खोकून जीव चाललाय. डॉक्टर टायफॉईड म्हणत्यात."

चोच ओठांत. मला लगेच कळलं. राघूंचा आजार त्याच्या छातीत उतरलाय, आणि डॉक्टरला राघूंचं कुणी सांगितलेलंच नाही.

गप्प बसावं का? खोटं कशाला लिहू, क्षणभर बरं वाटलं. मरू दे मेल्याला.

"डॉक्टरला राघूंचं सांगा," मी म्हणाले.

"ते कबूल व्हायचे न्हाईत. केस अंगावर यील की."

तिच्यासमोरच मी डॉक्टरला फोन लावला, सगळं सांगितलं. दौलत मरता कामा नये. चांगला धडधाकट व्हावा, आणि हात न लावलेल्या राघूचा आजार ओठाला कसा लागला, ते कोर्टात उभं राहून सांगावं.