मोठ्या करवतीची पाचर

प्रति,
मा. निरीक्षक,
कारखाना अपघात निवारण कचेरी,
दक्षिण विभाग.

विषय : कारखान्यातील मोठी चक्री करवत पाचर बसेपर्यंत बंद ठेवणेबाबत.

संदर्भ : माझे दोन हिब्रू अर्ज. पहिला ‘जखमी इसम मयत’ व दुसरा ‘इस्पितळाचा दाखला नाही’ या शेऱ्यासह परत आला आहे.

महोदय,

आपले शिक्षण पुण्यास झाले असून आपण मराठी उत्तम वाचता, असे आमच्या शेजारी राहणाऱ्या मल्काबाईंनी सांगितले. म्हणून हा तिसरा अर्ज मराठीत करीत आहे. यात नवीन काही नाही, पण क्रम नीट लावला आहे.

१. मी मुंबई विद्यापीठाचा पदार्थविज्ञानाचा पदवीधर आहे. किर्यात गातजवळच्या लाकूड कारखान्यात लाकडातील ओलावा मोजण्याचे काम करतो. माझे वडील मोर्देखाय झिराडकर त्याच कारखान्यात ओंडके चिरणाऱ्या करवतीवर होते. इस्रायलला येण्यापूर्वी मुंबईत रे रोडच्या वखारीतही त्यांनी हेच काम केले.

२. कारखान्यात आफ्रिकेचे जाड ओंडके येऊ लागले तेव्हा जुने पाते पुरेना. त्याच टेबलावर माझ्या खांद्याला लागेल एवढे मोठे पाते चढवण्यात आले. त्याची कड ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरते. ओले लाकूड आतून ताणलेले असते, त्यामुळे चिरल्यावर पाठीमागची चीर पुन्हा मिटू पाहते. ती मिटू नये म्हणून पात्यामागे पोलादी पाचर उभी करतात. आमची पाचर लहान पात्याच्या मापाची होती. नव्या पात्याला ती अडू लागली, म्हणून काढून ठेवली. नवी मागवली आहे असे फोरमन सांगतात. चीर मिटली की पाते आवळले जाते आणि ओंडका उलटा कामगाराच्या अंगावर येतो. हे केव्हा होईल ते सांगता येत नाही. होईल एवढे सांगता येते.

३. एप्रिलात, पेसाह सणानंतरच्या आठवड्यात ते झाले. ओंडका उलटला, वडिलांचा तोल गेला आणि डावा हात कोपराखाली तुटला. मी तेव्हा ओलाव्याचे नमुने घेत शेडच्या दुसऱ्या टोकाला होतो. करवत बंद केल्यावरही पाते बराच वेळ फिरत राहिले. ते थांबेपर्यंत कोणाला पुढे जाता येईना.

४. आपणांस ठाऊकच आहे की आपल्या यहुदी धर्मात तुटलेला अवयव फेकून देत नाहीत, पुरतात. दफन मंडळाचा एक सभ्य गृहस्थ इस्पितळात आला. त्याने आईला नाव विचारले, तिने वडिलांचे पूर्ण नाव सांगितले. त्याने ओळखपत्र मागितले, तिने तेही दिले. ते परत आले नाही. आईला वाटले, ज्या हाताने इतकी वर्षे घर चालवले तो मुकाट्याने मातीत जाऊ नये. तिने वस्तीतल्या दहा पुरुषांना बोलावून मयतासाठी करतात ती प्रार्थना करविली. नुसत्या हातासाठी अशी रीत नाही, हे तिला कोणी सांगितले नाही. आलेल्यांना परत कसे पाठवायचे, म्हणून तिने चहा केला, अंडी उकडली. शेजारणींनीही जेवणाचे डबे आणले.

५. पुढे नोंदणी कचेरीचा मनुष्य वस्तीत चौकशीला आला. मोर्देखाय झिराडकरांच्या नावे दफन झाले का? झाले. घरी प्रार्थना झाली का? झाली. लोकांनी खरे तेच सांगितले. वडील तेव्हा इस्पितळात होते. ते घरी आले तोवर मयत म्हणून नोंद झाली होती.

६. अपघाताची चौकशी सुरू होण्यास जखमीचा जबाब लागतो. जखमी मयत असल्याने जबाब घेता येत नाही, असे आपल्या कचेरीने कळविले. मग मृत्यूची चौकशी व्हावी, असा मी दुसरा अर्ज केला. तिच्यासाठी इस्पितळाचा दाखला लागतो. रोगी चालत घरी गेला असल्याने तसा दाखला देता येत नाही, असे इस्पितळ म्हणते. त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

७. वडील स्वतः आपल्या कचेरीत येऊन गेले. खिडकीवरच्या कारकुनाने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, आणि आपण मयताचे बंधू आहात काय, असे विचारले. घरी आल्यावर वडील आईला म्हणाले, “अगो जेमायमा, त्यांना म्हणावं अर्धाच मेलाय असं लिहा, म्हणजे तुझा पण शब्द राहील नि माझा पण.” आई हसली नाही. ती म्हणाली, “आधी जेवून घ्या.” तेव्हापासून घरात या विषयावर बोलणे होत नाही.

८. यात मला कोणाविरुद्ध तक्रार करायची नाही. ज्याने त्याने आपले काम नेमाने केले. मला राग येईल असे वाटले होते, तो आला नाही. ओलाव्याचे आकडे मी रोज पूर्वीसारखेच लिहितो. वडिलांना हात परत मिळणार नाही, आणि ते जिवंत असल्याचे घरात सर्वांना माहीत आहे. नोंद दुरुस्त झाली नाही तरी चालेल. मागणी फक्त करवतीबद्दल आहे, आणि ती पुढीलप्रमाणे :

वडील जिवंत असतील, तर त्यांचा जबाब घ्यावा. ते मयत असतील, तर कारखान्यातील मृत्यूची चौकशी आपणांस करावीच लागेल. तिसरी शक्यता मला सुचत नाही. दोन्ही बाबतींत आपल्या माणसाला शेडमध्ये येऊन पात्यामागे पाहावे लागेल. तेथे पाचर नाही, हे दिसण्यास कोणाच्या जबाबाची गरज नाही.

९. हा अर्ज घाईने करण्याचे कारण असे. मयत कामगाराच्या कुटुंबास आधार म्हणून त्याची जागा मुलाला देण्याचा कारखान्याचा रिवाज आहे. व्यवस्थापकांनी काल मला बोलावून फार सहानुभूतीने हे सांगितले, माझा हातही हातात घेतला. शनिवारची सुट्टी संपली की येत्या रविवारपासून मला मोठ्या करवतीवर नेमले आहे. मी पाचरीचे विचारले. ते म्हणाले, “तू शिकलेला आहेस, तू जपून करशील.” चीर मिटण्याचा शिक्षणाशी संबंध नाही, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले. नकार दिल्यास ओलावा मोजण्याचे कामही राहणार नाही. घरात दुसरा कमावता नाही.

वडिलांना हे अद्याप सांगितलेले नाही.

१०. तरी रविवारी पहिली पाळी सुरू होण्यापूर्वी करवत बंद ठेवण्याचा हुकूम व्हावा, ही विनंती. तेवढ्यात हुकूम निघणे शक्य नसल्यास आपले उत्तर माझ्या नावे पाठवू नये. ते श्रीमती जेमायमा झिराडकर यांच्या नावे पाठवावे. आपल्या नोंदीत त्या विधवा म्हणून आहेत. पत्ता मात्र बरोबर आहे.

कळावे, आणि पाहणी व्हावी.

नम्र,
जॉशुआ मोर्देखाय झिराडकर, बी.एस्सी.

किर्यात गात,
गुरुवार, ता. ७ नोव्हेंबर १९६३

सोबत :
(१) करवत व पाचर यांची आकृती, मापांसह.
(२) वडिलांचे छायाचित्र, अपघातानंतर काढलेले.
(३) दफन मंडळाच्या पावतीची नक्कल.