मैनावहिनीचे दहापैकी दहा

अमरावती,
३ मे १९६४

चि. देवरावास,

सत्यवतीचे अ. उ. आ. आन जयभीम. तुझं कार्ड पावलं. तू लिहितो कचेरीतल्यासारखं, मी लिहितो बोलतो तसं. तुझं पत्र वाचताना मले आपल्यावर समन्स निघालं असं वाटते, राग नको मानू.

आमच्या म्हाताऱ्याईच्या आश्रमात यंत्र आलं, बाप्पा! इलायतेहून शिकून आलेले नवे डॉक्टरसाहेब आहेत, त्याईनं रेडिओ दुरुस्तीवाल्या अब्दुल गफ्फारकडून एक पेटी बनवून घेतली. आत टेप फिरते, एक बाई पुण्याच्या आवाजात प्रश्न विचारते आन तीन उत्तरं सांगते. आपन तीनातलं एक बटन दाबायचं. बरोबर दाबलं की मागचा काटा एक मार्क पुढं सरकते. असे दहा प्रश्न. डॉक्टर म्हनतात, मानसाचं डोकं घसराले लागलं हे घरच्याईले समजायच्या आधी पेटीले समजते. दर दोन महिन्यांनी साऱ्याईची परीक्षा आहे. ज्याचे मार्क पाचाच्या खाली गेले, नाही तर पहिल्यापेक्षा दोननं उतरले, त्याले मागच्या चाळीत ठेवनार.

मागची चाळ म्हनजे बाहेरून कडी. तिथं काळजी जास्त घेतात असं सांगतात. पन मी उभा जन्म दवाखान्यात नर्स म्हनून काढला, बाहेरच्या कडीचा अर्थ मले कोनी शिकवू नये.

मले दहा पडले. ते तू चार मानसात सांगशीलच. पन मैनावहिनीले पाच पडले. ज्या भावजयीनं तुले कडेवर घेऊन हिवरखेडच्या शाळेत सोडलं, तिले पेटीनं काठावर पास केलं. आन पेटी खोटं बोलत नाही रे. वहिनी घसरून राहिली. परवा दिवशी दादाचं धोतर वाळत घालाले शोधत होती. दादाले जाऊन किती वर्सं झाली! मी म्हनलं, धोतर परटाकडं गेलं, तवा शोधाचं सोडलं.

पुढच्या खेपेले ती पाचावर राहत नाही. तिकडं एकटी कोंडली तर ती दिवसभर दाराशी उभी राहून दादाले हाका मारन, आन महिन्यात मरून जाईन. मी हे होऊ देनार नाही. कसं, ते तू सांग. तुझ्या डोक्याची लय तारीफ ऐकली आहे.

सुभद्राले आन पोराईले आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी बहीण,
सत्यवती

&nbsp;

अकोला,
१२ मे १९६४

ती. सत्यवतीबाईस,

देवरावाचा सा. न. व जयभीम वि. वि. आपले पत्र पोचले. येथे सर्व क्षेम आहे. ऊन मी म्हणते आहे, एवढेच.

यंत्राविषयी वाचून फार समाधान वाटले. माणसाचा निवाडा माणसाने केला की त्यात नाते, जात, ओळखपाळख सगळे येते. यंत्रास त्यातले काहीच ठाऊक नाही. मी येथील वाचनालयात ही वार्ता सांगितली तेव्हा दोघांनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

वहिनीची हकीगत मात्र मनास लागली. तिला येथे आणावे असे फार वाटते, परंतु दोन खोल्या आणि आम्ही सात माणसे, हे आपण जाणताच. मला एकच सुचते. प्रश्न दर खेपेस तेच असतात काय? टेप एकच असेल तर ते तेच असणार. वहिनीस अक्षर येत नाही, पण जात्यावर बसून एकदा म्हटलेली ओवी ती विसरल्याचे मला आठवत नाही. तेव्हा उत्तरांची ओवी करावी. ही लबाडी नव्हे, पूर्वतयारी होय. आमच्या खात्याच्या परीक्षेस आम्हीही ती करीतच असू.

सुभद्रा म्हणते, वन्सं स्वतः काय जेवतात ते कधी लिहीत नाहीत. तेही लिहावे. आपल्या रागासकट लोभ हवा आहे.

आपला,
देवराव

&nbsp;

अमरावती,
५ जुलै १९६४

चि. देवरावास,

अ. उ. आ. आन जयभीम. पेढे वाट. तुझ्या मैनावहिनीले दहापैकी दहा पडले.

आश्रमाच्या रांधनखोलीत डाळ भरडाचं जातं आहे. रोज सकाळी मी तिले त्याच्यापाशी बसवलं आन सुरू केलं:

पहिल्या गं प्रश्नाले मधलं बटन दाबावं,
देसाचं प्रधानपद नेहरूनं सांभाळावं.

अशा दहा ओव्या. आठ दिवसांत तिले पाठ. परीक्षेच्या दिवशी पेटीसमोर बसली, हात जात्यावर असल्यावानी गोल फिरवला आन गुनगुनत पटापट बटनं दाबली. टेपमधली बाई मागं पडली. डॉक्टरसाहेबाईनं तिच्या गळ्यात हार घातला. म्हनतात, पेटी नुसता रोग शोधत नाही, सरावानं बराही करते. ते आता याच्यावर लेख लिहून राहिले.

मले आठ पडले.

हसू नको, ऐक. नेहरू मे महिन्यात गेले, सारा देस रडला, आश्रमात आमी तीन दिवस पेटी लावली नाही. जूनमध्ये आमचे म्यानेजर पुंजाजी घरी बसले आन कोठीवरचा श्रावण म्यानेजर झाला. पन टेपमधल्या बाईले हे कोनीच सांगतलं नाही. तिनं विचारलं पंतप्रधान कोन, मी शास्त्रींचं बटन दाबलं. तिनं विचारलं म्यानेजर कोन, मी श्रावणचं दाबलं. दोन्ही चूक! मी डॉक्टरले म्हनलं, साहेब, पेपर वाचता की नाही? ते म्हनले, वाचतो, पन शास्त्रात मधातच उत्तर बदलता येत नाही, बदललं तर मागच्या मार्कासंगं तुलना कशी करायची? आन पेटीवर कमिटीनं लाखेचं सील मारलं आहे, कमिटी दिवाळीनंतर बसते.

बाकीचे सारे हुशार निघाले. आमच्या शेजारचे नासिरमिया, सारी जिंदगी कपडे शिवले त्याईनं, ते म्हनले, अल्ला नेहरूले जन्नत देवो, आन बटन दाबून मार्क घेऊन गेले. मले ते जमत नाही. रोग्याले ताप एकशेदोन असला तर मी तक्त्यावर एकशेदोनच लिहिला, सिव्हिल सर्जन डोळे वटारून उभा होता तरी. दोन मार्क उतरले, पन चाळीत टाकाच्या आधी एक डाव पुन्हा पाहतात, म्हनून माही परीक्षा ऑगस्टात पुन्हा आहे.

तू काळजी नको करू. आपल्या वहिनीवरचं बालंट टळलं, मले एवढंच पायजे होतं. घरच्या साऱ्याईले जीव लावून राहा.

तुझी,
सत्यवती

&nbsp;

अकोला,
१४ जुलै १९६४

ती. बाईस,

सा. न. व जयभीम वि. वि. वहिनीच्या यशाची बातमी कळताच पेढे वाटले. वाचनालयात दोन वेळा पत्र वाचून दाखवावे लागले (ओवीचा मजकूर वगळून).

आता आपल्याविषयी. हात जोडून सांगतो, नेहरूंचे बटण दाबावे. आपण दाबल्याने ते परत येणार नाहीत आणि न दाबल्याने शास्त्रींचे काही जाणार नाही. तापाच्या तक्त्याचे आपण लिहिले ते वाचून अभिमान वाटला. परंतु वहिनीस दहा मार्क शिकवून देताना तो तक्ता कोठे ठेवला होता, हे विचारण्याचे धाडस धाकटा भाऊ म्हणून करतो. मागच्या चाळीत आपण गेलात तर वहिनीजवळ कोण राहील?

आनंदाची वार्ता अशी की थोरल्या मुलीचा साखरपुडा २६ तारखेस ठरला. वहिनीने यावे अशी सर्वांची इच्छा आहे. आपल्याला ऑगस्टच्या परीक्षेची तयारी करावयाची आहे, म्हणून आपणास तसदी देत नाही. श्रावणरावांना परभारे लिहिले होते. दहापैकी दहा असलेल्या बाईस एकटीने एस.टी.ने पाठविण्यास हरकत नाही, असे त्यांचे उत्तरही आले. मी अकोल्याच्या स्टँडवर उभा राहीन.

रागावू नये, रागावल्यास पत्र मात्र यावे.

आपला,
देवराव

&nbsp;

अमरावती,
२९ जुलै १९६४

देवराव,

आशीर्वाद देवाचं मन नाही, तरी देतो. तुह्या अकलेले काय म्हनू? काहून विचारलं नाही मले? तुझं पत्र आठ दिवसांनी आलं, त्याच दिवशी मी उलट लिहिलं होतं, बोलावू नको म्हनून, आन श्रावणलेही बजावलं होतं. ते तुले पोचलं तवा तू स्टँडवर उभा होता!

त्या सकाळी मी दवाखान्याच्या खोलीत एकाची मलमपट्टी करून राहिली होती. मले कोनीच काही बोललं नाही. श्रावणनं वहिनीच्या हातात पिशवी दिली, रिक्शात बसवलं आन स्टँडवर पाठवून दिलं. दहा मार्कवाली बाई, तिच्यासंगं कोन कशाले जाईन? ती अकोल्याची गाडी सोडून बसली मेळघाटातल्या धारणीच्या गाडीत. कंडक्टरनं विचारलं, आजी, कुठं जाता? हिनं सांगतलं, दुसऱ्या गं प्रश्नाले पहिलं बटन दाबावं. नाव विचारलं, तरी नेहरूची ओवी. गाव विचारलं, तरी ओवी. त्याले वाटलं कोन्या पार्टीची प्रचारवाली आहे. परतवाड्याच्या पुढं घाट लागाच्या आधी ती रडाले लागली, तवा त्या भल्या मानसानं तिले उतरवून उलट्या गाडीत बसवलं. तिच्या पिशवीवर आश्रमाचं नाव शिवलं होतं म्हनून ती परत आली. नाही तर मेळघाटात कुठं शोधली असती रे?

आली तवा तिनं मले वळखलं नाही. बाई, इथं सत्यवती नर्स कुठं राहते, असं मलेच विचारलं. मी तिले हात धरून आत नेलं. तिचे मार्क वाढवले मी, आन तिच्यावरची नजर काढून घेतली तीबी मीच.

मी तशीच डॉक्टरकडं गेली आन सारं सांगतलं. जातं, ओव्या, सारं. म्हनलं, वहिनीचं डोकं खरंच घसरलं आहे, तिच्यावर कोनाची तरी नजर पायजे. डॉक्टरनं माहा कागद काढला, त्याच्यावर आठ. मंग ते माह्याशी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलाले लागले, जसं आपन बहिऱ्याशी बोलतो. वहिनीले बोलावलं, पेटी लावली. पुन्हा दहा! चुकीच्या गाडीत तर कोनीही बसते, म्हनले. आन जवळच्या मानसाचा हेवा वाटने, त्याच्यावर संशय घेने, हे डोकं घसराचं लक्षन आहे, पुस्तकात लिहिलं आहे. ते त्याईनं माह्या कागदावरही लिहिलं.

आता सांग, मी काय करू? खरं सांगनारी मी एकटी, आन यंत्रानं मलेच कच्चं ठरवलं.

सत्यवती

&nbsp;

अकोला,
२ ऑगस्ट १९६४

ती. बाई,

तुझ्या पाया पडतो. आज मले कचेरीचं मराठी सुचत नाही. त्या दिवशी मी स्टँडवर सांजवेळपर्यंत उभा होतो. एकेक गाडी रिकामी होत होती, आन मी मनात म्हनत होतो, पुढच्या गाडीनं येईन. घरी पाहुने साखर वाटून राहिले होते आन मी तिथं होतो. ज्या बाईनं मले कडेवर वागवलं तिले मी मार्काच्या एका कागदावर गाडीत बसवलं. मी गाढव आहो.

वहिनी आली नाही त्याच रात्री डॉक्टरसाहेबांना मीही लिहिलं की ती विसरते. त्याईचं उत्तर आलं की घरच्या मंडळीनं आजी बरी झाली हे मान्य करावं, त्यात रोग्याचं हित असते.

तुमी दोघी इकडं या. सुभद्रानं समोरची खोली रिकामी केली, पोरं वाचनालयात झोपतील, काहीबी करू. मी येत्या रविवारी न्याले येतो. नाही म्हनू नको.

तुझा,
देवा

&nbsp;

अमरावती,
१६ ऑगस्ट १९६४

चि. देवास,

अ. उ. आ. आन जयभीम. तू रविवारी आला, मी तुले रिकाम्या हातानं परत पाठवलं, तू रागानं निघून गेला. आता राग गेला असन तर वाच. तुझं घर रस्त्यावर, दार दिवसभर उघडं. तू वाचनालयात, पोरं कामावर, सुभद्रा एकटी किती जागी धावन? वहिनीले आता कडी पायजे. हे मीच लिहून राहिली आहो.

माही परीक्षा झाली. नासिरमियानं मले दाराशी कसम घातली, नेहरूच दाबा बाई. मी शास्त्री दाबलं, श्रावण दाबलं, आठ मार्क घेतले आन म्हनलं, चला, कुठं आहे तुमची चाळ? डॉक्टरले वाईट वाटलं, मानूस वाईट नाही तो. त्याले विचारलं, मले सोबत कोन? नियम असा आहे की चाळीतल्या मानसासंगं चांगल्या डोक्याचं कोनी राहाले तयार असलं तर राहू शकते. मी म्हनलं, मंग मैनावहिनीले द्या, तिच्याहून चांगलं डोकं अख्ख्या आश्रमात कोनाचं आहे? डॉक्टर इतके खुश झाले की तिचा फोटो काढला.

तर आता आमी दोघी इथं आहो. कडी बाहेरून, वहिनी माह्या जवळ. खोली हवेशीर आहे, खिडकीतून लिंबाचं झाड दिसते. जेवन तेच, सुभद्राले सांग, ज्वारीची भाकर आन वरन.

वहिनीनं हे काम लय मनावर घेतलं. सकाळी माही वेनी घालते, ताटातला घास मोडून माह्या हातात देते, अंगनात चालताना मनगट सोडत नाही. काल नासिरमिया भेटाले आले, त्याईले दाराशी घेऊन हळूच सांगतलं की या बाईचं आता काही खरं नाही, मेलेल्या मानसाले शोधत राहते, मी आहो म्हनून निभते बिचारीचं. नासिरमियानं माह्याकडं पायलं. मी मान हलवली, खरं आहे म्हनलं.

ते गेले आन मले रडू आलं. इतक्या वर्सांत कोनी माही वेनी घातली नव्हती रे. वहिनीनं पदरानं माहे डोळे पुसले आन म्हनली, रडू नको बाई, तुह्या घरचं कोनी आलं नाही तर मी तुले सोबत नेईन, माह्या नंदेजवळ. ती नर्स आहे, लय चांगली आहे.

भेटाले येत राहा. आलास की वहिनीसमोर मले जास्त शहानी म्हनू नको.

तुम्हा साऱ्याईची,
सत्यवती